चार तळहातांएवढी जमीन

मोटारगाडीची स्तुति करावयाची झाली म्हणजे लोक तिच्या यंत्राची करतात, रंगाची करतात, बैठकीच्या कातड्याचीसुद्धां करतात; टायरांकडे मात्र हवा भरण्यापलीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. माझें सारें आयुष्य रबराच्या एका कारखान्यांत गेल्यामुळें माझी दृष्टि थोडी उफराटी झाली आहे. गाडी दिसली कीं नजर प्रथम खालीं जाते. गाडी केवढीहि मोठी असो, ती भूमीला चारच ठिकाणीं स्पर्श करते, आणि त्यांतील प्रत्येक जागा मनुष्याच्या तळहाताहून फारशी मोठी नसते. धावणें, वळणें, थांबणें, सारा संसार या चार तळहातांएवढ्या जागेवर चाललेला असतो.

माझे वडील बंधू १९७१ सालीं यंत्रशास्त्र शिकावयास जर्मनींत श्टुटगार्टला गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. (हें नगर आणि आपली मुंबई या १९६८ पासून भगिनीनगरी आहेत, ही गोष्ट दादा प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत.) त्यांची राहणी अत्यंत साधी, कोट दहा दहा वर्षें टिके. आयुष्यांत चैन म्हणून त्यांनीं एकच केली. १९८९ मध्यें बनलेली पोर्शे ९२८ एस ४ ही गाडी त्यांनीं १९९८ सालीं जुन्या बाजारांत विकत घेतली. ही शर्यतीची गाडी नव्हे. हिच्या जातीला 'ग्रँड टूरिंग' म्हणतात. चार माणसें (मागचीं दोन अंमळ लहान असावीं) आणि सामान घेऊन एका देशांतून दुसऱ्या देशांत न दमतां, पण झपाट्यानें जावयाचें, यासाठीं तिची रचना. पुढें पांच लिटरांचें आठ सिलिंडरांचें इंजिन, आणि वजनाचा तोल राहावा म्हणून गिअरची पेटी मागच्या चाकांपाशीं. १९७८ सालीं 'युरोपांतील या वर्षाची गाडी' हा मान ९२८ ला मिळाला होता. कमाल वेग ताशीं सुमारें २७० किलोमीटर. दादांनीं तो कधीं पाहिला असेल असें मला वाटत नाहीं.

२०१९ सालीं दादा गेले. त्यापूर्वीं कित्येक वर्षें ते आजारी होते, आणि गाडी झांकून ठेविलेली होती. २०२३ च्या वसंतांत मी तेथें गेलों तेव्हां पुतणीनें ठरविलें होतें कीं जूनमध्यें आईला आणि दोन्ही मुलांना घेऊन बाबांच्याच गाडीनें आल्प्सपलीकडे कोमोच्या सरोवरापर्यंत जावयाचें. इंजिन, ब्रेक, तेलाच्या नळ्या कारागिरांनीं तपासून दिल्या. टायर पाहण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें.

"भाऊजी, टायरांचें कांहीं पाहूं नका," वहिनी म्हणाल्या. "ते नवेच आहेत. ह्यांनीं स्वतः उभें राहून घालून घेतले."

दिसावयास तें खरेंच होतें. जेथें कायदा १.६ मिलिमीटर खोलीवर समाधान मानतो तेथें या टायरांच्या खांचा सहा मिलिमीटरांच्या वर होत्या. परंतु टायराच्या बाजूवर एका लंबगोलांत चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन सप्ताहाचे, पुढचे दोन वर्षाचे. येथें ते २३०९ असे होते. म्हणजे २००९ सालचा तेविसावा सप्ताह. चौदा वर्षें झालीं होतीं. वहिनींच्या हिशेबीं तें कालपरवांचेंच होतें, आणि त्या हिशेबाला मी तरी काय उत्तर देणार?

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवीत. ती झिजली कीं डोळ्यांना दिसे, सैल झाली कीं कानांना कळे. रबराचें तसें नाहीं. हवेंतील प्राणवायु आणि त्याचा तिखट भाऊ ओझोन हे रबराला रात्रंदिवस कुरतडीत असतात. त्यांना अटकाव व्हावा म्हणून आम्ही मिश्रणांतच मेण आणि कांहीं संरक्षक द्रव्यें घालतों. टायर रस्त्यावर दबत व उसळत राहिला म्हणजे हीं द्रव्यें हळूहळू पृष्ठभागावर येऊन एक पातळ कवच धरतात. जो टायर फिरत नाहीं त्याच्यावर हें कवच नीट धरत नाहीं. म्हणजे झांकून जपलेली गाडी टायरांच्या बाबतींत जपलेली नसतेच. शिवाय रबर कठीण होतें, ओल्या रस्त्याला चिकटेनासें होतें, आणि आंतील पोलादी तारांच्या पट्ट्यांशीं त्याचा सांधा दुबळा होत जातो. बहुतेक निर्माते दहा वर्षें ही अखेरची मर्यादा मानतात, मग नक्षी कितीहि शिल्लक असो. पोर्शेवाले याहून कडक. ते सहा सांगतात.

"काका, जर्मन कायद्यांत मोटारीच्या टायराला वयाची अट नाहीं," जावई म्हणाले. तें बरोबर होतें. जावईबापू संगणकांतले, आणि नियम वाचल्याशिवाय बोलत नाहींत. मीं त्यांना बाहेर बागेंत नेऊन एक हकीकत सांगितली. ३० नोव्हेंबर २०१३ रोजीं कॅलिफोर्नियांत पॉल वॉकर हा प्रसिद्ध नट आणि त्याचा गाडी चालविणारा मित्र पोर्शे कॅरेरा जीटी या गाडींत मृत्यु पावले. चौकशींत मुख्य कारण अतिवेग हेंच ठरलें. परंतु गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळें गाडीचा ताबा बिघडला असावा, हेंहि तपास करणाऱ्यांनीं नमूद केलें. वहिनींसमोर हें बोलण्याची माझी छाती नव्हती.

त्याऐवजीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्यांना गाडीपाशीं नेलें. सुकाणूं पुरतें वळवून पुढच्या टायराची बाजू उजेडांत आणली आणि म्हटलें, "येथें नख लावून पाहा." जेथें टायर गाडीच्या भारानें फुगतो तेथें केसाएवढ्या भेगांची जाळी पसरली होती. वहिनींचें नख एका भेगेंत किंचित् अडकलें. बराच वेळ त्या तशाच ओणव्या उभ्या होत्या.

"ह्यांनीं हें पाहिलें असतें तर काय केलें असतें, भाऊजी?"

"त्याच दिवशीं चारी काढून टाकले असते."

"मग चारी काढा," त्या म्हणाल्या आणि आंत गेल्या.

आतां निवडीचा प्रश्न. पुढचा टायर २२५/५० झेडआर १६, मागचा २४५/४५ झेडआर १६. पहिला आंकडा रुंदी मिलिमीटरांत. दुसरा बाजूची उंची, रुंदीच्या शेंकडा किती तें सांगणारा. अखेरचा रिमचा व्यास इंचांत. पुढचा व मागचा निराळा असल्यामुळें अदलाबदलीची सोय नाहीं. पुढें भारांक लागतो: ९२ म्हणजे ६३० किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. आणि मग वेगाचें अक्षर: व्ही म्हणजे ताशीं २४० किलोमीटर, डब्ल्यू २७०, वाय ३००.

येथें वहिनींनीं फार मार्मिक शंका काढली. आपण शंभर-सव्वाशेंच्या वर जाणार नाहीं. मग तीनशेंच्या टायराला पैसे कशाला? पहिलें उत्तर कायद्याचें. उन्हाळी टायर गाडीच्या कमाल वेगाला पुरेसा असला पाहिजे. तुम्ही किती वेगानें जाणार हें कायदा विचारीत नाहीं, गाडी किती जाऊं शकते हें विचारतो. (हिंवाळी टायरांना यांत सूट आहे, पण कमी वेगाची मर्यादा लिहून ती चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी लागते.) दुसरें उत्तर माझ्या धंद्याचें. वेगाचें अक्षर म्हणजे उष्णता सोसण्याचें प्रमाणपत्र आहे. ताशीं २७० किलोमीटरांना हें चाक सेकंदाला सुमारें ३८ वेळां फिरतें. प्रत्येक फेऱ्याला रबर दबतें, सुटतें आणि तापतें. भरलेल्या गाडींत, जूनच्या उन्हांत, घाटाच्या उतारावर हीच सहनशक्ति सव्वाशेंच्या वेगालाहि उपयोगी पडते. डब्ल्यू अगदीं काठावर येत होता, म्हणून वाय.

खरा पेंच पुढेंच होता. पोर्शे कंपनी आपल्या गाड्यांवर पारखून घेतलेल्या टायरांवर 'एन' हें अक्षर व एक आंकडा घालावयास लावते. ती कायद्याची आज्ञा नव्हे, शिफारस आहे. आमच्या मापांत मिळणारे एन-खुणेचे टायर जुन्या घडणीचे. दुकानदार म्हणाला, पुढच्या मापांत याहून नवा, पावसांत अधिक चांगला टायर देतों. मला मोह झाला. कारण माझ्या मतें टायराची परीक्षा कोरड्या रस्त्यावर करूंच नये. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायराहून लवकर तरंगूं लागतो, आणि एकदां तरंगला कीं सुकाणूं हें नुसतें हातांत धरावयाचें कडें उरतें. परंतु तो नवा टायर मागच्या २४५ च्या मापांत त्याच्यापाशीं नव्हता. पुढचीं चाकें रस्ता घट्ट धरणारीं आणि मागचीं कमी धरणारीं, ही जोडी सर्वांत वाईट. पुढचीं घसरलीं तर गाडी सरळ जाऊं पाहते, आणि घाबरलेला मनुष्य पाय उचलतो तेंच योग्य ठरतें. मागचीं घसरलीं तर गाडी गरकन् फिरते, आणि तिला सांवरण्याची कला शंभरांत एखाद्याला असते. पुतणीनें ती गाडी त्यापूर्वीं दोनदां चालविली होती. मीं चारी टायर एकाच घडणीचे, एकाच एन-खुणेचे घेतले. दुकानदाराला ही निवड जुन्या वळणाची वाटली. वाटो.

घेतांना चारींवरचे सप्ताहाचे आंकडे वांचले. सर्व त्याच वर्षाचे निघाले. नव्या टायरावर साच्यांतून सुटण्यासाठीं लाविलेल्या द्रव्याचा निसरडा थर असतो. म्हणून पहिले तीनशें किलोमीटर पुतणीला मीं ट्युबिंगनच्या बाजूच्या रस्त्यांवर सौम्यपणें चालवावयास लाविलें. जुने टायर कारखान्यांत परत नेतांना वहिनी खिडकींत उभ्या होत्या. मीं त्यांच्याकडे पाहिलें नाहीं.

प्रवासाच्या दिवशीं झिंगनपासून झ्यूरिकपर्यंत पाऊस कोसळत होता. गाडींत चौघांचीच जागा, म्हणून मी आणि जावई घरींच होतों. दुपारीं गोटहार्डच्या सुमारें १७ किलोमीटरांच्या बोगद्याअलीकडून वहिनींचा फोन आला.

"गाडी कशी चालते?" मीं विचारलें.

"मला त्यांतलें काय कळणार, भाऊजी? मुलें झोंपलीं आहेत."