कासार आंबोली, पाऊस आणि अर्धा कागद

चांदणी चौक सोडला, भूगावच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घातल्या, पिरंगुट मागे टाकलं, की पौड रस्त्यावर कासार आंबोली लागतं. नावात कासार, पण मला बांगडीवाला काही भेटला नाही. दिसल्या त्या कंपन्यांच्या शेड, भातखाचरं आणि ढगांत डोकं घातलेले डोंगर.

मित्राच्या इथल्या घरी वीकएण्डला गेलो, ते रंगपेटी घेऊन. नोकरी लागल्यापासून ती उघडलीच नव्हती. तीन वर्षं! कानात हेडफोन, त्यात जिमची प्लेलिस्ट, आणि बसलो डोंगर रंगवायला. अर्ध्या तासात कागद गच्च. झाडं, शेड, विजेचे खांब, काही म्हणून सोडलं नाही. चित्र कसलं, प्लॉटची जाहिरात! टराटरा फाडलं.

मग गायतोंडे आठवले. वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपुरात जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले. आपल्याकडचं आणि पाश्चात्त्य, दोन्ही शास्त्रीय संगीताचे दर्दी. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचा एक थर, त्यावर दुसरा. त्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की मला विलंबित ख्याल आठवतो, कसलीच घाई नसलेला. तिकडे कांडिन्स्कीनं जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला शोनबर्गची मैफल ऐकली आणि लगेच कॅनव्हास गाठला. पियानोचा काळा आकार आणि धो धो पिवळा! संगीतानं एकाला पळवलं, दुसऱ्याला थांबवलं. माझी गरज दुसरी होती.

संध्याकाळी पावसानं जोर धरला. लाइट गेले, फोनची बॅटरी संपली. तेवढ्यात गावातून भजन ऐकू आलं. पखवाज, टाळ आणि वरच्या स्वरात किंचित कापणारा एका आजोबांचा आवाज. ते ओळ संपवून थांबायचे, टाळ चालू राहायचे, मग ते सावकाश परत यायचे.

मेणबत्ती लावून नवा कागद ओला केला. डोंगराची एकच कड ओढली. खाली खाचराचा रंग; हिरवा की निळा कळेना, हाताला लागला तो सोडला. आजोबा थांबले की ब्रश उचलायचा, एवढाच नियम. भजन संपलं तेव्हा अर्धा कागद पांढराच होता.

सकाळी मित्र म्हणाला, "अरे, पूर्ण कर की!"

"झालंय," मी म्हटलं.

चित्र आता ऑफिसात मॉनिटरशेजारी आहे. रंगपेटी मात्र तिथेच ठेवून आलोय. शनिवारी परत जायचंय.