येऊ दे... येऊ दे!

मुलगा परदेशी स्थायिक झाला की बापाला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. एक, तो फोन करील तेव्हाच बोलणे. आणि दुसरी, त्याच्या घरी पाहुण्यासारखे राहणे. पहिली मला थोडीफार जमली होती. दुसरी शिकायला मी आणि आमची ही, अशी दोघे गेल्या वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला जाऊन पोचलो.

चिरंजीव तिथे संगणकाच्या कचेरीत आहेत. घर टुमदार, सूनबाई मोकळ्या स्वभावाची, नात पहिल्याच दिवशी आजीला चिकटलेली. सारे कसे यथास्थित होते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजताच मला जाग आली. घरात हिंडता हिंडता एक दार उघडले, दिवा लावला आणि जागच्या जागी उभा राहिलो. समोर मोटारीचा सांगाडा! दारे नाहीत, टप नाही, बॉनेट नाही. नुसता वाकवलेल्या पोलादी नळ्यांचा पिंजरा. आणि हवेत ग्रीसचा, कापलेल्या लोखंडाचा, वेल्डिंगचा वास. सांगलीच्या एस. टी. वर्कशॉपात ज्या वासात मी चौतीस वर्षे काढली, तो सात समुद्र ओलांडून माझ्याआधीच इथे येऊन बसला होता.

"हे काय रे?" सकाळी मी विचारले.

"बग्गी आहे, अण्णा. दगडांवर चढवायची."

बग्गी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे नवरदेव आणि दोन पांढरे घोडे येतात. ही बग्गी निराळी. खडकाळ डोंगरात, माणसाएवढ्या धोंड्यांवरून, गोगलगाईच्या वेगाने जायचे. शर्यत नाही, घाई नाही. फक्त उलटायचे नाही. या खेळासाठी माणसे सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजात गाडी जोडीत बसतात. चिरंजिवांनी त्यासाठी एक जुनी सुझुकी सामुराई घेतली होती. आपल्याकडे १९८५ साली जी जिप्सी आली, तिची ही आखूड अंगाची बहीण. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स ठेवून बाकीचे भंगारात दिले होते आणि एका जुन्या टोयोटा पिकअपचे दोन्ही अ‍ॅक्सल खाली घातले होते.

मी ऐकत होतो, पण मन भलतीकडेच गेले होते. हा सहावी-सातवीत असताना शाळा सुटली की माझा डबा न्यायच्या निमित्ताने वर्कशॉपात यायचा. एकदा बसखाली सरपटत येऊन त्याने माझ्या हातात नेमका चौदा-पंधराचा पाना दिला. कौतुक करायचे सोडून मी त्याच्या हातावर चापट मारली. "हात काळे करायचे नाहीत! अभ्यास कर. माझ्यासारखे व्हायचे नाही तुला." तो पुन्हा आला नाही. त्याने अभ्यास केला आणि खरोखरच माझ्यासारखा झाला नाही. मला वाटत होते, मी जिंकलो. आणि आता पंचेचाळिशीत हा गृहस्थ दिवसभर पांढऱ्याशुभ्र हातांनी काम करून संध्याकाळी ते हौसेने काळे करीत होता!

"मदत करू का?" असे विचारायला मला आठवडा लागला. "करा की," म्हणायला त्याला दोन दिवस.

मग आमची संध्याकाळची शाळा सुरू झाली. पावणेदोन इंचाची, तीन मिलिमीटर जाडीची नळी वाकवायची. दुसरीवर ती चपखल बसावी म्हणून तिचे टोक माशाच्या तोंडासारखे कापायचे. आधी नुसते टाके घालून सारा पिंजरा उभा करायचा आणि मापे जुळली की मगच भरीव वेल्डिंग. गाडी उलटली तर हा पिंजराच माणसाचे डोके वाचवतो. चाके तर अशी टांगलेली की एक धोंड्यावर आणि दुसरे खड्ड्यात असले तरी चारही जमिनीला धरून राहावीत. टायरात आठ-दहा पौंडच हवा! एस. टी.च्या टायरात शंभराच्या घरात हवा भरणाऱ्या माझ्या जिवाला ते पाहवेना. पण मऊ टायर दगडाला पंजासारखा धरतो आणि रिमवरून निसटू नये म्हणून त्याची कड बोल्टांच्या कड्याने आवळलेली असते.

सगळ्यात आवडले ते गिअरांचे गणित. मूळ गाडीत पहिल्या गिअरला, लो रेंजमध्ये, इंजिनाच्या सुमारे ३१ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडे. याने दातेरी चक्रे बदलून गिअरबॉक्सचे ३.६५, ट्रान्स्फर केसचे ४.१६ आणि अ‍ॅक्सलचे ५.२९ यांचा गुणाकार केला. ८० फेऱ्यांना एक! इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असताना पस्तीस इंची चाकांची ही गाडी ताशी दोन किलोमीटर चालते. म्हणजे आमच्या हिच्या सकाळच्या फिरण्याहूनही सावकाश.

सप्टेंबरात गाडी तयार झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे होते. रात्री मी सहज बॅटरी घेऊन खाली वाकलो. मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे कान चिरंजिवांनी एकट्यानेच वेल्ड केले होते. टाका दिसायला देखणा होता, पण दोरीसारखा वर उभा राहिला होता. कडांना धातूत विरघळला नव्हता. पातळ नळीला लावलेला करंट तसाच ठेवून त्याने अ‍ॅक्सलचे जाड पोलाद जोडले होते. जाड पोलाद उष्णता पिऊन टाकते आणि टाका वरच्या वर बसतो.

बोलावे की न बोलावे? मी पाहुणा. त्यात त्याचे चार मित्र येणार, वर्षभराची हौस. पण चढणीवर तो कान निखळला असता तर अ‍ॅक्सल फिरला असता आणि गाडी माझ्या मुलासकट मागे आली असती.

"हे काप," मी म्हटले.

तो संतापला. "अण्णा, तुम्हाला माझे कधीतरी काही पसंत पडले आहे का?"

मला उत्तर सुचले नाही. मी मोठा हातोडा त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "तूच मार. टिकले तर मी चुकलो."

दुसऱ्या घावाला कान टणकन् जमिनीवर पडला. तो बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत बसला. मग वेल्डिंगचा दुसरा मुखवटा काढून त्याने माझ्यापुढे धरला. "करंट तुम्ही लावा. मी धरतो." रात्री दोनपर्यंत आम्ही सगळेच्या सगळे कान कापून, घासून पुन्हा जोडले. सूनबाईने दोनदा चहा आणला आणि एक शब्दही न बोलता गेली.

एक दिवस उशिरा, गाडी ट्रेलरवर लादून आम्ही सिएरा नेव्हाडातल्या रुबिकॉन ट्रेलला गेलो. सारी वाट करड्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांची. १९५३ सालापासून जीपवाल्यांचे मेळे इथे भरत आले आहेत. चालकाला पुढच्या चाकाखालचे काही दिसत नाही, म्हणून एक माणूस समोर उभा राहून खुणा करतो. चालकाने त्या एकाचेच ऐकायचे, असा दंडक. पहिल्या मोठ्या चढापाशी चिरंजिवांनी मित्रांना बाजूला व्हायला सांगितले आणि माझ्याकडे बोट केले.

मी पुढे झालो. चौतीस वर्षे डेपोत बस मागे घेताना जे ओरडत आलो, तेच तोंडातून निघाले. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे थोडी... येऊ दे... बास!" गाडी दगडावर पंजा रोवून इंचाइंचाने वर येत होती, आणि इतक्या वर्षांनी तो माझ्या डोळ्यांत बघत होता, टक लावून. माथ्यावर आल्यावर मी सवयीने पिंजऱ्यावर दोन थापा मारल्या. त्याचे मित्र आता सगळ्यांनाच 'येऊ दे' म्हणतात असे कळते.

दिवाळी तिथेच झाली. नरकचतुर्दशीला हिने आम्हा बापलेकांना शेजारी शेजारी पाटावर बसवले, तेल लावले, उटणे लावले. नखांतले काळे काही निघेना.

"हे जायचे नाही हो," ती म्हणाली.

"राहू दे," आम्ही दोघे एकदमच म्हणालो.