जमूद आणि रिकामी जागा

नववीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक प्रयोग करतो. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. टिचकी मारली की पुठ्ठा उडतो, नाणं पेल्यात पडतं. मग फळ्यावर लिहितो, 'जमूद'. मराठी शाळेत त्यालाच जडत्व म्हणतात. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मगर सिक्के में जमूद आता कहाँ से है?"

बी.एड.ला आम्ही पाठाची उद्दिष्टं लिहायला शिकलो होतो. आम्ही न्यूटनचा नियम पुन्हा म्हणून दाखवला. ती गप्प बसली. समाधान तिचंही झालं नाही आणि आमचंही.

घरी येऊन वाचत बसलो. उर्दूत पोकळीला 'ख़ला' म्हणतात, जिथं काहीच नाही ती जागा. पण क्वांटम भौतिकीतला ख़ला असा रिता नसतो. सगळं काढून घेतलं तरी थोडी ऊर्जा उरतेच. हॉलंडच्या हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ साली गणित मांडलं की, विद्युतभार नसलेले दोन धातूचे पत्रे पोकळीत अगदी जवळ आणले, तर ते एकमेकांकडे ओढले जातील. १९९७ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बळ मोजून दाखवलं.

इथवर जमीन पक्की. पुढं पाऊल जपून टाकावं लागतं. १९९४ साली हाइश, रुएडा आणि पुथॉफ या तिघांनी म्हटलं की, वस्तूचा वेग बदलू लागला की पोकळीतलं हेच क्षेत्र तिला अडवतं. तोच जमूद! वेग एकसारखा असेल तर अडथळा नाही. रशियाच्या आंद्रेई साखारोव्ह यांनी तर १९६७ मध्येच गुरुत्वाकर्षणाचं मूळ पोकळीतल्या या चळवळीत शोधलं होतं.

कल्पना आम्हाला फार आवडली, खोटं कशाला बोला. पण प्रयोगाचा पुरावा नाही. शिवाय पोकळीतल्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब केला, तर आकाशाच्या निरीक्षणातून मिळणाऱ्या आकड्यापेक्षा तो एकावर सुमारे १२० शून्यं इतक्या पटीनं जास्त येतो. आमच्या वर्गात एक शून्य चुकलं तरी आम्ही गुण कापतो!

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "बेटा, जमूद कुठून येतो हे अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही." पंधरा वर्षांत हे वाक्य वर्गात पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

तिनं वही उघडली. "सर, पेपर में आया तो क्या लिखूँ?"

"न्यूटनचा नियम लिही," आम्ही म्हणालो.