मालवण : कमी होत चाललेलं

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साधारण 29 चौरस किलोमीटर. त्यातला गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा, तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. सुट्टीत इथे आलेल्या माणसाच्या नजरेत भरतात त्या होड्या, लाइफ जॅकेटं, स्नॉर्केलिंगचे फलक. पाण्यात उतरावं, जरूर उतरावं. इथलं काय बघून घ्यावं, काय विचारून घ्यावं, याची ही यादी. यातलं बरंच आता कमी झालंय.

प्रवाळ. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आहेत. चित्रातल्यासारखे फांद्यांचे झुबके इथे फारसे नाहीत. गोलसर ढेकळं आणि खडकाला चिकटून पसरलेले थर जास्त. रंग मातकट, पिवळट, कुठे हिरवट. पहिल्यांदा बघणारा त्यांना दगडच समजतो आणि त्यावर पाय देतो. गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे कळशीएवढी गाठ दिसली तर तिचं वय काही दशकांचं धरावं. तुम्हाला तिथे घेऊन गेलेल्या पोरापेक्षा ती थोरली. पाणी नेहमीपेक्षा दीड-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्याचं बहुतेक अन्न त्या शेवाळाकडून येत असतं. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो, नाहीतर मरतो.

तापलेल्या पाण्याचं मालवणात बसून काही करता येत नाही. नांगराचं येतं. होडीवरून टाकलेला लोखंडी नांगर आणि त्यामागून फरपटणारी साखळी एका दुपारी जे मोडते, ते भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. खडकापासून दूर कायमची बोय टाकावी आणि होड्या तिलाच बांधाव्यात, इतका साधा उपाय आहे. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंक्तीला. तरी नांगर कुठे पडतो हे बघायला पाण्याखाली कोणी नसतं.

मासे मात्र दिसतात. पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे, हाताला ढुसण्या देणारे. कारण त्यांना पाव मिळतो. तोंडावर मास्क चढवला की मुठीत पावाचा तुकडा येतो आणि फोटो छान निघतो. पाव नाकारून पाहावा. गर्दी पांगते, आणि मग खडकाच्या कपारीत पोपटमासा प्रवाळ खरवडताना दिसतो. कान दिला तर त्याचं कुरतडणं ऐकूही येतं. असं थांबून पाहणं आता दुर्मीळ झालंय, आणि यादीत मला ते प्रवाळाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

उलांडीची होडी. एका बाजूला दोन दांड्यांवर लाकडी ओंडका, लाटेत तोल सांभाळायला. फळ्या एकमेकींना सुंभाने शिवलेल्या. आता बहुतेक फायबर.

रापण. ही अजून बघायला मिळते, पण पहाटे उठावं लागतं आणि नशीब लागतं. होडी किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडते आणि दुसऱ्या टोकाला परत किनाऱ्याला लागते. दोन्ही दोर वाळूत उभ्या माणसांच्या हातात. मग ओढणं, तासन् तास. पाय वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, मागे गेलेला पुन्हा पाण्याकडे येऊन दोर धरतो. जाळं टप्प्यात आलं की पाणी आधी काळपट होतं आणि मग चंदेरी उसळतं: तारली, बांगडे, पेडवे. रापणीत वाटे ठरलेले असतात, आणि दोराला हात लावलेल्या परक्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. इतक्या माणसांना एकत्र बांधणारं दुसरं काम या किनाऱ्यावर मला माहीत नाही. किनाऱ्याला येणारा थवा आता खोल पाण्यातच पर्ससीनच्या, म्हणजे थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यात जातो. त्या जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. अभयारण्यालाही त्यांचा विरोध होता, आणि तो मला समजतो. नियम आला की आधी लहान होडी अडते.

मर्यादावेल. जांभळी फुलं, टोकाला दुभंगलेलं पान. वाळू धरून ठेवते. टपरीसाठी जागा साफ करताना पहिली उपटली जाते ती हीच. देवबागला, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, आता दगडी बंधारे आहेत.

काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. उंच झाडावर घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काटक्यांची भर घालतो. झाड गेलं की सगळं गेलं.

काळोख. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालून जाते. पन्नासेक दिवसांनी निघालेली पिल्लं उजेडाकडे धावतात, आणि पूर्वी उजेड फक्त समुद्राकडे असायचा; आता किनाऱ्यावरही दिवे आहेत. तरी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वायंगणी, तांबळडेगची माणसं अंडी राखतात, पिल्लं स्वतः पाण्यात सोडतात. पूर्वी हीच अंडी खाल्ली जात. यादीतली ही कासवांची एक गोष्ट उलट दिशेने चालली आहे, म्हणून ती इथे आनंदाने लिहितो.

आणि भरतीचं गणित. मोबाइलवर वेळा मिळतात, त्यामुळे हे तोंडी गणित घरातल्या म्हाताऱ्यांपाशीच राहिलंय. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची; तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड किल्ल्याकडे चालत जायचं असेल तर अष्टमीच्या भांगात जाऊ नये, पाणी पुरतं उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी साडेपाचच्या सुमाराची ओहोटी धरावी, आणि पाणी फिरायच्या आत परतावं.