मोडीची डागडुजी

दारासुरम्, रात्र. ऐरावतेश्वराच्या देवळात दिवस गेला. दुसऱ्या राजराज चोळाचं हे १२व्या शतकातलं काम. मंडपालाच रथाची चाकं आणि उधळलेले घोडे कोरलेत. पण डोकं तंजावरात; सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी लिपीतली मराठी कागदपत्रं इथून तासाभराच्या वाटेवर.

ही लिपी आता संगणकावरही लिहिता येते: मोडी २०१४ साली युनिकोड ७.० या संगणकीय अक्षरसंचात आली. ‘नोटो सान्स मोडी’ हा फाँट मुक्त परवान्याचा, म्हणजे एखादं जोडाक्षर विस्कटलं तर कुणीही दुरुस्ती सुचवावी. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात आपली प्रत घ्यायची, वेगळी शाखा काढायची, एकच बदल करायचा, चाचणी चालवायची. मग तो बदल का केला हे दोन ओळींत लिहायचं. या दोन ओळीच खऱ्या अवघड. एका दमात दहा गोष्टी बदलणाऱ्याचं कोण वाचणार? प्रकल्प सांभाळणारे खोदून खोदून विचारतात. त्यावर रुसायचं नाही. (आपल्याकडे हे जरा जडच जातं.)

मोडी वाचणाऱ्यांनो, कोड येत नसेल तरी चालेल. बिघडलेलं अक्षर, फाँटचं नाव आणि जुन्या कागदातला अस्सल नमुना, एवढं तरी फाँटच्या प्रकल्पाला कळवा.