चरोतरातील दूध

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी वडोदरा सोडून मही नदी ओलांडते, तेव्हा, वाचकहो, खिडकीबाहेर अवश्य पाहावे. तंबाखूची शेते, कडुलिंबाच्या सावल्या आणि घरोघरच्या अंगणात बांधलेल्या म्हशी. हा गुजरातेतील चरोतर प्रदेश. आणंद हे त्याचे मुख्य गाव. तेथील दुग्धालय पाहण्यास प्रवासी येतातच. परंतु आपण भल्या सकाळी एखाद्या जवळच्या खेड्यातील दूध-मंडळीकडे वळावे, असे मी सुचवीन.

तेथे बायामाणसे चरव्या घेऊन रांगेत उभी असतात. कोणाचे दोन लिटर, कोणाचे पाच. प्रत्येकाच्या दुधातील स्निग्धांश तपासून त्या प्रमाणात भाव दिला जातो. पाणी घालणाऱ्यास काही लाभ उरत नाही आणि म्हशीला चांगले आंबोण घालणाऱ्याचे पैसे वसूल होतात. गोठ्याची कार्यक्षमता वाढविणारे याहून साधे साधन मला तरी ठाऊक नाही.

हे सहज घडले नाही. १९४५ साली मुंबई सरकारने शहरासाठी दूधयोजना काढली आणि खेडा जिल्ह्यातील दूध पोल्सन कंपनीमार्फत मुंबईस जाऊ लागले. राजाश्रय होता, पण त्याचा ओलावा गोठ्यापर्यंत झिरपला नाही. शेतकऱ्याला मध्यस्थ देईल तोच भाव. १९४६ साली शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा सहकारी संघ स्थापन झाला. शासकीय शिष्यवृत्तीच्या करारामुळे नाइलाजाने १९४९ साली आणंदच्या सरकारी लोणी-केंद्रात आलेले वर्गीस कुरियन पुढे या संघाचेच झाले. सरकारच्या खर्चाचे याहून चांगले चीज क्वचितच झाले असेल!

खरी अडचण हिवाळ्याची होती. त्या दिवसांत म्हशी भरपूर दूध देतात, मुंबईची गरज मात्र तेवढीच राहते. उरलेले दूध घेणारा नसेल, तर जनावराला पोटभर कोण घालील? युनिसेफची यंत्रसामग्री व सरकारचे साहाय्य मिळून १९५५ साली दुग्धालय उभे राहिले, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ लागली. गिऱ्हाईक बारमाही झाले.

ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री अजरपुरा गावी एका शेतकऱ्याकडे रात्रभर मुक्कामास राहिले. कुरियन यांनी पुढे सांगितले आहे की, येथील माती, पाऊस, चारा, म्हशी यांत शास्त्रीजींना काहीच विशेष आढळले नाही. वेगळेपण एवढेच, की दुग्धालय शेतकऱ्यांच्या मालकीचे होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणंद येथे स्थापन झाले.

१९७० पासून 'दुधाचा महापूर' योजनेत युरोपातून दुधाची भुकटी व बटर-ऑइल देणगीदाखल आले. तो माल शहरांत कवडीमोलाने वाटला असता, तर खेड्यातील दुधाला भाव मिळाला नसता व म्हशी खाटकाकडे गेल्या असत्या. तसे न करता त्यापासून दूध तयार करून विकले, आणि आलेला पैसा गावोगावच्या संस्था, शीतकेंद्रे, पशुखाद्य व कृत्रिम रेतन यांवर घातला. देणगी पचविणे हे ती मिळविण्याहून कठीण असते, हे माझे मत येथे आल्यावर पक्के झाले. ही योजना १९९६ साली संपली. त्यानंतर दोन वर्षांतच दुग्धोत्पादनात भारत जगात पहिला झाला.

तरीही एका म्हशीमागे मिळणारे दूध डेन्मार्कच्या गाईच्या मानाने थोडेच आहे. डेन्मार्कची गाय मात्र धान्य खाते. येथील म्हैस पुष्कळदा पेंढा, कडबा आणि बांधावरचे गवत यांवर पोसली जाते. दुधाबरोबर चाऱ्याचाही हिशेब मांडला, तर हे अंतर बरेच निराळे दिसते. आणंदजवळ कंजरी येथील पशुखाद्याचा कारखाना १९६४ साली सुरू झाला तो याचसाठी. मंडळीतून त्याचे पोते घरी न्यावे आणि पैसे दुधाच्या हिशेबातून वळते करून द्यावेत, ही येथील रीत आहे.