कुंतीच्या कुंपणावरील चतुरिंद्रिय

अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट हिल हा सुमारे २०० फूट उंचीचा काळ्या पाषाणाचा सुळका उभा आहे. त्याच्या परिसरातील अनेक गृहसंकुलांच्या आवारांत कुंती, जास्वंद व तगर यांची झुडपे शोभेसाठी लावलेली असतात. कुंतीलाच रोपवाटिकेत ‘कामिनी’ म्हणतात. पावसाळ्यात या झुडपांना हात लागताच तिळाएवढे जीव टुणकन उडतात आणि रहिवासी लगेच फवारणीची मागणी करतात.

तथापि, उडी मारणारा प्रत्येक जीव एकाच जातीचा नसतो. जास्वंदीच्या पानामागे आढळणारे, फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे ते तुडतुडे. त्यांची पिल्ले खेकड्याप्रमाणे तिरकी धावतात. ते रस शोषतात, तेव्हा पानांच्या कडा पिवळ्या पडून वळतात. कुंतीच्या कोवळ्या शेंड्यावर डोके खाली व पाठ उंच करून तिरपा बसणारा तपकिरी जीव म्हणजे सायला. त्याच्या चपट्या, पिवळसर पिल्लांजवळ मेणाचे पांढरे धागे दिसतात. हाच कीटक विदर्भातील संत्राबागांना त्रस्त करतो व लिंबूवर्गीय झाडांत ‘ग्रीनिंग’ रोग पसरवितो. म्हणून गॅलरीत लिंबाची कुंडी असल्यास त्याची ओळख विशेष महत्त्वाची.

जैन जीवविचारात मुंगीला तीन, तर भ्रमराला चार इंद्रिये मानली आहेत. डोळे असलेले हे इवले जीवही चतुरिंद्रियांतच मोडतात. चातुर्मासात हिरव्या भाजीचा त्याग करणाऱ्या कुटुंबानेच संकुलाच्या फवारणीखर्चास न पाहता संमती द्यावी, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. औषध तुडतुडा आणि त्याला खाणारा ढालकिडा असा भेदही करीत नाही.

शिवाय सायला अंडी घालतो ती केवळ नव्या, कोवळ्या पालवीत. कुंपण रेखीव दिसावे म्हणून ते वारंवार कातरले, की पालवी पुनःपुन्हा फुटते. म्हणजे त्याला आमंत्रण आपणच देतो. नत्रखताचा अतिरेकही असाच कोवळेपणा वाढवितो. कात्री व खत यांना आवर घातला, तर हिंसेचे निमित्तच पुष्कळ कमी होते.

मालाची पारख केल्यावाचून व्यापारी सौदा करीत नाही. कुंपणापाशीही आधी भिंग हाती घ्यावे, पान अलगद उलटावे आणि समोरचा जीव कोण आहे ते पाहावे. यत्नाचाराचा आरंभ तेथूनच होतो.